बांधकामावरचं पावसाचं पाणी कुठे सोडायचं? कोणत्या परवानग्या लागतात? मुकुटबनच्या उदाहरणातून समजून घ्या

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातलं मुकुटबन हे गाव कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यात येतं. वर काळी माती आणि खाली चुनखडी. आसपासच्या भागात दगडी कोळसाही आहे. त्यामुळे शेतीच्या या गावात गेल्या काही वर्षांत मोठी बांधकामं झाली. त्यातलं सर्वांत मोठं म्हणजे बिर्ला कॉर्पोरेशनची उपकंपनी असलेल्या आरसीसीपीएलचा सिमेंट कारखाना. वर्षाला ३९ लाख टन क्षमतेच्या या कारखान्याचं व्यावसायिक उत्पादन २०२२ मध्ये सुरू झालं.

अशा प्रकल्पाची चर्चा निघाली की धूर, धूळ आणि ट्रकची वाहतूक यांवर लोक बोलतात. पावसाच्या पाण्याचा विषय मात्र सहसा पहिल्या मोठ्या पावसानंतरच निघतो. नाला तुंबतो, बांध फुटतो, शेतात गाळ साचतो आणि मग प्रश्न येतो: 'यांनी हे पाणी इकडे सोडायची परवानगी घेतली होती का?'

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. कारण आपल्याकडे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी एकच स्वतंत्र परवाना नाही. हा विषय चार-पाच वेगवेगळ्या परवानग्यांमध्ये वाटला गेला आहे. कोणती परवानगी कोण देतं आणि त्यात पाण्याबद्दल नेमकं काय असतं, ते पाहू.

मुळात पावसाच्या पाण्याला परवानगी कशाला?

पाऊस तर आधीही पडत होता. मग बांधकामाने फरक काय पडतो? दोन गोष्टी बदलतात: पाण्याचं प्रमाण आणि पाण्याबरोबर वाहून जाणारा माल.

आधी प्रमाण पाहू. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १०,००० लिटर होतं. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर हेच पाणी १० लाख लिटर होतं. म्हणजे १०,००० लिटरचे १०० टँकर, तेही फक्त एका हेक्टरवर.

शेतात यातलं काही पाणी मुरतं, काही सऱ्यांमध्ये अडतं आणि उरलेलं हळूहळू नाल्याला जातं. त्याच जागेवर काँक्रीट, डांबर आणि पत्र्याचे शेड आले की जवळपास सगळं पाणी वाहतं आणि एकदमच वाहतं.

इंजिनिअर यासाठी एक साधं सूत्र वापरतात. वाहून जाणाऱ्या पाण्याचा वाटा, ताशी पाऊस (मिलिमीटरमध्ये) आणि क्षेत्र (हेक्टरमध्ये) यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ३६० ने भागायचं. उत्तर दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहील ते सांगतं. समजा २० हेक्टरचा प्लॉट आहे आणि ताशी ६० मिलिमीटर वेगाने पाऊस पडतोय. मोकळ्या जमिनीवरून ३० टक्के पाणी वाहतं असं धरलं, तर सेकंदाला १ घनमीटर पाणी बाहेर पडेल. बांधकामानंतर हा वाटा ९० टक्के झाला, तर सेकंदाला ३ घनमीटर. पाऊस तेवढाच आणि जमीनही तेवढीच, पण खालच्या नाल्यावरचा भार तिप्पट झाला. गावाजवळच्या रस्त्याखालची मोरी मात्र जुन्याच मापाची असते.

दुसरी गोष्ट गाळाची. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात. एकदा पाण्यात मिसळले की लवकर तळाशी बसत नाहीत, कधी कधी दिवसभर पाणी गढूळच राहतं. बांधकामासाठी जमीन उघडी केली, मुरूम आणि माती यांचे ढीग घातले आणि त्यावर जूनचा पहिला दणका बसला, की हा सगळा गाळ उताराकडे निघतो. मुकुटबन परिसराचं पाणी पैनगंगेच्या खोऱ्यात जातं. पैनगंगा वर्धेला मिळते आणि पुढे प्राणहितेमार्गे ते पाणी गोदावरीत पोहोचतं. पण त्याआधी ते कुणाच्या तरी शेतातून आणि गावच्या नाल्यातून जातं.

यवतमाळ जिल्ह्याला मोठा पाऊस नवीन नाही. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुराने वेढलेल्या लोकांसाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं होतं. त्यामुळे 'सरासरी पाऊस' धरून काढलेली गटारं इथे पुरत नाहीत.

पहिली परवानगी: पर्यावरण मंजुरी

मोठ्या प्रकल्पांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकारच्या आणि आकाराच्या प्रकल्पांना काम सुरू करण्याआधीच ही मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीआधी जागेला कुंपण घालण्यासारखी जमीन सुरक्षित करण्याची कामं चालतात. सपाटीकरण किंवा पाया खोदणं चालत नाही.

प्रकल्पांचे दोन मुख्य वर्ग आहेत. 'अ' वर्गाचा निर्णय दिल्लीतलं केंद्रीय पर्यावरण मंत्रालय घेतं. 'ब' वर्गाचा निर्णय राज्यस्तरीय प्राधिकरण घेतं. सिमेंट कारखान्याची क्षमता वर्षाला १० लाख टन किंवा त्याहून जास्त असेल, तर तो 'अ' वर्गात जातो. म्हणजे मुकुटबनच्या ३९ लाख टनांच्या कारखान्यासारखा प्रकल्प दिल्लीच्या कक्षेत येतो.

इमारतींचं काय? बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर मंजुरी लागते. १,५०,००० चौरस मीटरपासून पुढे प्रकल्प मोठ्या वसाहतींच्या गटात जातो आणि तपासणी आणखी कडक होते.

इथे एक अलीकडचा बदल लक्षात ठेवा. केंद्राने २९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेत औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालयं आणि वसतिगृहं यांच्या बांधकामांना यातून सूट दिली होती. मुंबईच्या वनशक्ती संस्थेने तिला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२५ रोजी ही सूट रद्द केली. त्यामुळे 'आमचं तर कॉलेज आहे, आम्हाला लागत नाही' हे उत्तर आता चालणार नाही.

या मंजुरीत पावसाच्या पाण्याबद्दल काय विचारतात?

२००६ च्या अधिसूचनेतल्या इमारत प्रकल्पांच्या अर्जात दोन थेट प्रश्न आहेत. नैसर्गिक निचऱ्यात काही बदल होणार आहे का, आणि होणार असेल तर तो समोच्च रेषांच्या नकाशावर दाखवा. दुसरा प्रश्न, जमिनीचा वापर बदलल्यामुळे वाहत्या पाण्यावर काय परिणाम होईल आणि त्यामुळे पूर येण्याचा किंवा पाणी साचण्याचा त्रास वाढेल का?

उद्योग आणि खाणींच्या बाबतीत हा अभ्यास पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालात येतो. त्यात जागेवरचे नाले, उतार आणि पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे जातं हे दाखवावं लागतं. मंजुरी मिळताना तिच्यासोबत अटींची यादी येते. केंद्राने २०१८ मध्ये सिमेंट कारखान्यांसाठी ज्या प्रमाणित अटी ठरवल्या, त्यांत प्रत्येक साठ्याच्या ढिगाभोवती चर आणि पाणी गोळा करणारा खड्डा असावा अशी अट आहे. मुसळधार पावसात ढिगावरून वाहणारं पाणी तिथेच अडावं, हा तिचा उद्देश. अशा चरांना 'गारलँड ड्रेन' म्हणतात. गळ्यात हार घालावा तसे ते ढिगाभोवती फिरतात.

दुसरी परवानगी: प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झालं. १९७४ च्या जल कायद्यानुसार सांडपाणी सोडू शकेल असा उद्योग उभारण्याआधी सर्वसाधारणपणे मंडळाकडून स्थापनेची संमती घ्यावी लागते. काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष चालवण्याची संमती वेगळी घ्यावी लागते. पर्यावरण मंजुरी मिळाली म्हणून चालवण्याची संमती आपोआप मिळत नाही.

पावसाचं पाणी सांडपाणी आहे का? स्वच्छ छपरावरून पडलेलं पाणी सांडपाणी नाही. पण तेच पाणी कोळशाच्या ढिगावरून, डिझेल सांडलेल्या जागेवरून किंवा काँक्रीट मिक्सर धुतलेल्या ठिकाणावरून वाहत गेलं, की त्याचं रूप बदलतं. काँक्रीट धुतलेलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं. त्याचा सामू ११-१२ च्या घरात जाऊ शकतो. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी केंद्राच्या सर्वसाधारण मानकांनुसार सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असला पाहिजे आणि तरंगते घन कण लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नयेत.

म्हणून नियमांचा गाभा एकच आहे: दोन पाणी एकत्र होऊ देऊ नका. पर्यावरण संरक्षण नियमांखालच्या अनेक उद्योगांच्या मानकांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. २०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवरच्या कारखान्याने पावसाचं पाणी सांडपाण्यात किंवा फरशी धुतलेल्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही. ते वेगळ्या नालीतून, प्लास्टिकचं अस्तर असलेल्या खड्ड्यातून न्यायचं. त्या खड्ड्यात ताशी सरासरीच्या हिशेबाने १० मिनिटांचा पाऊस मावला पाहिजे.

१० मिनिटं म्हणजे किती? वरच्या उदाहरणातला २० हेक्टरचा प्लॉट आणि ताशी ६० मिलिमीटर पाऊस घ्या. १० मिनिटांत १० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचं सगळं पाणी धरलं तर २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर. ज्या आराखड्यात एवढ्या जागेचा खड्डाच दाखवलेला नाही, त्या आराखड्याला प्रश्न विचारायला हवा.

तिसरी गोष्ट: नाला कुणाच्या मालकीचा?

ही बाब सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. सातबारा आपल्या नावावर आहे म्हणून त्यातून वाहणारा नालाही आपला, असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, कुणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तर नद्या, ओढे आणि नाले राज्य सरकारच्या मालकीचे आहेत. त्यामुळे नाला बुजवणं, वळवणं किंवा त्यावर स्लॅब टाकणं हा जमीनमालकाचा खासगी निर्णय नसतो. त्यासाठी महसूल आणि जलसंपदा विभागाकडे जावं लागतं.

नाला कुठून जातो हे भूमी अभिलेख विभागाच्या गाव नकाशावर दिसतं. प्रकल्पाच्या नकाशात नाला गायब असेल आणि गाव नकाशात असेल, तर तिथेच थांबून विचारा.

नदीकाठच्या जागेसाठी पूररेषाही पाहावी लागते. महाराष्ट्रात दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात.

शिवाय जमीन शेतीची असेल तर अकृषिक वापराची पूर्तता, बांधकाम नकाशाची मंजुरी आणि रस्त्याच्या गटारात पाणी सोडायचं असेल तर त्या रस्त्याची मालकी असलेल्या विभागाची परवानगी लागते. जागेत वनजमीन येत असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता वेगळी घ्यावी लागते.

कामाचा क्रम कसा असावा?

प्रकल्प लहान असो की मोठा, क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं.

१. आधी जागेचं समोच्च सर्वेक्षण करा. पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि शेजारच्या वरच्या शेतांचं पाणी आपल्या जागेतून जातं का, हे नकाशावर आणा.

२. पाण्याचे दोन वाटे पाडा. वरून येणारं स्वच्छ पाणी कडेकडेने चर काढून तसंच पुढे जाऊ द्या. साईटवरचं गढूळ पाणी वेगळं करा.

३. गढूळ पाण्यासाठी गाळ बसायचे हौद काढा. काळ्या मातीत एकच हौद पुरत नाही. पाणी संथ व्हावं म्हणून ओळीने दोन-तीन हौद लागतात.

४. हे चर आणि हौद मुख्य खोदकामाच्या आधी बांधा. विदर्भात मान्सून साधारण जूनच्या मध्यात पोहोचतो. मे महिन्यात जमीन उघडी करून 'गटारं दिवाळीनंतर' असा बेत केला, तर पहिल्याच पावसात नुकसान होतं.

५. एका वेळी गरजेपुरतीच जमीन उघडी करा. मातीच्या ढिगांवर गवत लावा किंवा ताडपत्री टाका. ढीग नाल्याच्या काठावर घालू नका.

६. पाणी बाहेर पडण्याच्या जागी दगडांचं पिचिंग करा, नाहीतर पाण्याचा लोट शेजाऱ्याचा बांध घेऊन जाईल.

गटारांची मापं काढण्यासाठी केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयाने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचऱ्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. ती मुख्यतः शहरांसाठी असली तरी हिशेबाची पद्धत गावातल्या प्रकल्पालाही लागू पडते.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत याच विषयासाठी वेगळा परवाना आहे. तिथे १९८७ मध्ये स्वच्छ पाणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पावसाच्या पाण्याचा निचरा परवान्याच्या कक्षेत आला. आज साधारण एक एकर किंवा जास्त जमीन हलवणाऱ्या बांधकामाला तो घ्यावा लागतो. त्यासोबत गाळ कसा अडवणार याचा लेखी आराखडा साईटवर ठेवावा लागतो आणि ठरावीक दिवसांनी तपासणीही करावी लागते.

आपल्याकडे पर्यावरण मंजुरी २०,००० चौरस मीटर बांधकामापासून सुरू होते. त्याखालच्या गोदामांचं, जिनिंगच्या शेडचं, मंगल कार्यालयांचं आणि प्लॉटिंगचं पावसाचं पाणी स्थानिक बांधकाम परवानगीच्या भरवशावर राहतं. छोट्या गावांत शेतकऱ्यांच्या तक्रारी अशा प्रकल्पांमधूनही येतात.

गावकऱ्यांना काय करता येतं?

जनसुनावणी हा पहिला टप्पा. ती जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली होते. आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. इमारत बांधकामांना मात्र ही सुनावणी लागू नाही.

सुनावणीत 'आमचं नुकसान होईल' एवढंच म्हटलं तर त्याची फक्त नोंद होते. 'अमुक गट क्रमांकातून जाणारा नाला तुमच्या नकाशात नाही, त्याचं पाणी कुठे नेणार?' असं विचारलं तर कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात येतं.

मंजुरी मिळाल्यावर तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते आणि ती ३० दिवस लावून ठेवायची असते. केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवरही मंजुरीपत्रं मिळतात. प्रकल्पाने अटी पाळल्या का, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. जूनचा अहवाल पावसाच्या तोंडावर येतो. चर साफ केले का, हौदातला गाळ काढला का, हे त्यात पाहता येतं.

मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. महाराष्ट्रासाठी लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे.

पाणी आधीच शेतात शिरलं असेल तर? जवळचा मार्ग तहसील कार्यालयात आहे. मामलतदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ नुसार, शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला आणि त्याने शेतीचं नुकसान होत असेल, तर तो अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. त्यामुळे जुलैत नाला अडला असेल, तर पुढच्या पावसाची वाट पाहू नका.

पाणी दूषित असल्याची शंका असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. पाण्याचा अधिकृत नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यावा लागतो. पाणी वाहत असतानाच तक्रार केलेली बरी, कारण दोन दिवसांनी नाला कोरडा होतो. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनासाठी १ एप्रिल २०२४ पासून १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पावसाच्या पाण्यासाठी एकच परवाना नसतो. पर्यावरण मंजुरी, मंडळाची संमती, महसूल-जलसंपदा आणि बांधकाम परवानगी अशा चार ठिकाणी पाहावं लागतं.
- स्वच्छ पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांच्या नाल्या वेगळ्या हव्यात.
- सातबारा तुमचा असला तरी नाला बुजवायचा अधिकार मिळत नाही.
- प्रकल्पाचा नकाशा गाव नकाशाशी ताडून पाहा.
- शेताकडे येणाऱ्या पाण्याचे फोटो आणि व्हिडिओ तारीख-वेळेसह जपून ठेवा, आणि बांध फुटला असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या.